शिक्षेपूर्वी चौकशी: प्रौढ कुत्र्याची मोडलेली शौचशिस्त

चार-पाच वर्षे घरात एकदाही आगळीक न केलेला कुत्रा एके दिवशी दिवाणखान्याच्या मधोमध लघवी करून ठेवतो, दुसऱ्या दिवशी तोच प्रकार स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घडतो, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच घरातील मंडळींच्या मनात त्याच्याविषयी जी निःशंक आस्था होती तिची जागा संशय घेऊ लागतो. कोणी म्हणतो, लाडाने डोक्यावर चढून बसला आहे. कोणी म्हणतो, काल त्याला एकट्याला टाकून लग्नाला गेलो त्याचा राग काढतो आहे. आणि ज्या घरात हात उगारण्याचाच शिरस्ता आहे तेथे आरोप, निकाल आणि शिक्षा ही तिन्ही एका मिनिटात उरकली जातात. पिल्लाने घरात घाण केली तर ती त्याच्या वयाच्या खाती जमा होते. परंतु ज्याला सारे समजते अशी आपली खात्री झालेली असते त्या प्रौढ प्राण्याने तीच गोष्ट केली म्हणजे तिच्यामागे काही हेतू असलाच पाहिजे असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखाचे सारे प्रतिपादन या समजुतीच्या विरुद्ध आहे. प्रौढ कुत्र्याची शौचशिस्त मोडते तेव्हा त्याच्या शरीरात, परिस्थितीत किंवा वार्धक्याने थकलेल्या मेंदूत काही तरी बिघडलेले असते, आणि ते काय हे पाहण्यापूर्वीच जो शिक्षा करतो तो आजार वाढू देतो, भय निर्माण करतो आणि ज्या शिस्तीसाठी हात उगारला तीही गमावून बसतो.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. गावातल्या वाड्याचा कुत्रा ओट्यावर किंवा पडवीत निजे, उरल्यासुरल्या भाकरीवर पोसला जाई आणि देहधर्मासाठी परसात किंवा रानात आपला आपण जाऊन येई. घराच्या आत काय करू नये हे त्याला शिकविण्याचा प्रसंगच येत नसे, कारण उंबऱ्याच्या आत त्याला मुळी येऊच देत नसत. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात, म्हणजे आजच्या बागलकोट जिल्ह्यात, ज्या सडपातळ शिकारी कुत्र्यांची पैदास राजे मालोजीराव घोरपडे यांनी कसोशीने जोपासली आणि ज्यांना महाराष्ट्रात आपण कारवानी म्हणून ओळखतो, त्यांचेही सारे आयुष्य शेतात आणि माळरानावर जाई. आज मुधोळचे हे वंशज, परदेशी कुळातले लॅब्रॅडोर आणि रस्त्यावरून आणलेले देशी कुत्रे, ज्यांना बंगळुरूची मंडळी लाडाने ‘इंडी’ म्हणतात, हे सारेच त्या शहराच्या व्हाइटफील्ड, सर्जापूर रस्ता, हेब्बाळ अशा भागांतील उंच इमारतींच्या बाराव्या-पंधराव्या मजल्यांवर राहतात. क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी १९९१ साली बंगळुरूत ‘कंपॅशन अनलिमिटेड प्लस अ‍ॅक्शन’ ही प्राणिसेवी संस्था स्थापन केली. अशा संस्थांच्या द्वारे बेवारस कुत्र्यांना घरे मिळतात ही या शहराची भूषणावह गोष्ट होय. परंतु असा जो कुत्रा घरात येतो तो पुष्कळदा पूर्ण वाढलेला असतो, त्याच्या सवयी मातीवर आणि मोकळ्या आकाशाखाली घडलेल्या असतात, आणि त्याच्या व जमिनीच्या मध्ये आता एक कुलूपबंद दार, एक लांब व्हरांडा आणि कधी वेळेवर न येणारी लिफ्ट उभी असते.

कुत्रा ही शिस्त मुळात शिकतो कशी हे पाहिल्यावाचून ती का मोडते हे उमगणार नाही. जन्मल्यानंतर पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन मलमूत्रविसर्जनही साधत नाही. आई त्याच्या शेपटीखालचा भाग चाटते तेव्हा त्या स्पर्शाच्या उत्तेजनाने ते घडते आणि तीच ते स्वच्छ करून टाकते. पुढे डोळे उघडून पाय स्थिरावले की पिल्लू निजण्याच्या जागेपासून दूर सरकून देहधर्म उरकू लागते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या वर्तनाचा जो दीर्घ अभ्यास केला, आणि जो १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळून आले की साधारण साडेआठ आठवड्यांच्या सुमारास पिल्ले यासाठी ठरावीक जागा निवडू लागतात. याच वयात पायाखालच्या पृष्ठभागाची आवडही पक्की होत जाते: जे पिल्लू गवतावर वाढले त्याला गवत लागते, जे सिमेंटच्या कोठडीत वाढले त्याला सिमेंट चालते, आणि ज्याला वर्तमानपत्राची सवय लागली ते मोठेपणी जमिनीवर पडलेला कोणताही कागद त्याच उपयोगाचा मानते.

तेव्हा आपण जिला घरातली शिस्त म्हणतो ती तीन गोष्टींवर उभी असते: निजण्याची जागा स्वच्छ ठेवण्याची उपजत ओढ, विशिष्ट पृष्ठभागाची आवड, आणि माणसांनी लावून दिलेले वेळापत्रक. यांपैकी एक जरी निखळली तरी शिस्त डळमळते. शिवाय कुत्रा जे शिकतो ते ‘घर’ या सामान्य कल्पनेविषयी नव्हे, तर या घराविषयी, या दाराविषयी आणि या वेळेविषयी शिकतो. म्हणूनच बंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या जुन्या बैठ्या घरात निष्कलंक राहिलेला कुत्रा नव्या फ्लॅटमध्ये पहिल्याच रात्री चुकतो, कारण या नव्या जागेचा कोणताही नियम त्याला अद्याप कोणी सांगितलेला नसतो. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हेही दाखवून दिले होते की लोपलेली भासणारी सवय काही काळाने आपोआप पुन्हा डोके वर काढते. नव्या शिकवणुकीने जुनी पुसली जात नाही, केवळ झाकली जाते. या नियमात धोका आहे तसा दिलासाही आहे. ज्या न्यायाने पिल्लूपणाची जुनी खोड संकटाच्या काळी परत येऊ शकते, त्याच न्यायाने वर्षानुवर्षांची चांगली सवयही कोठे गेलेली नसते, आणि योग्य उपाय झाल्यास पिल्लाला शिकविण्यापेक्षा पुष्कळ कमी श्रमात ती परत मिळविता येते.

येथेच ‘त्याला कळते, म्हणून तर तोंड लपवितो’ या लोकप्रिय पुराव्याचा निकाल लावून टाकणे इष्ट होय. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ कुत्र्यांना खाऊ न खाण्याची ताकीद देऊन मालकांना खोलीबाहेर पाठविण्यात आले, आणि परतल्यावर कुत्र्याने आज्ञा मोडली की पाळली याविषयी कधी खरी, कधी खोटी माहिती त्यांना देण्यात आली. कान मागे टाकणे, नजर चुकविणे, शेपूट पोटाशी घेणे ही जी अपराधी मुद्रा आपण ओळखतो, ती प्रत्यक्ष अपराधावर मुळीच अवलंबून नव्हती. ती मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होती, आणि ज्यांनी खाऊला तोंडही लावले नव्हते त्या निरपराध कुत्र्यांवर रागावले असता ती अधिकच ठळकपणे दिसली. म्हणजे ज्या चेहऱ्यावर आपण गुन्ह्याची कबुली वाचतो, त्यावर प्रत्यक्षात आपल्याच रागाचे भय उमटलेले असते. संध्याकाळी कचेरीतून परतून दुपारच्या डबक्यापाशी कुत्र्याला फरफटत नेणे आणि त्याचे नाक त्यात घासणे या जुन्या रीतीचा परिणाम म्हणूनच एवढाच होतो की मालकाचे घरी येणे हेच कुत्र्याला भयप्रद वाटू लागते, आणि पुढे तो मालकाच्या देखत, पट्ट्याला बांधलेला असता, बाहेरही लघवी करण्यास कचरतो. मग ती घरात, पलंगाखाली, कोणी पाहत नसताना होते.

चौकशीचा प्रारंभ शरीरापासून झाला पाहिजे. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. ती भरत असता तिची भित्ती सैल आणि तोंडाशी असलेला आवळक स्नायू घट्ट राहतो, ती रिकामी होताना हा क्रम उलटा होतो, आणि या दोन्ही अवस्थांचा बंदोबस्त मेंदू, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू आणि ओटीपोटातील मज्जातंतू मिळून ठेवतात. या साखळीत कोठेही बिघाड झाला, किंवा पिशवीत येणारे मूत्रच बेसुमार वाढले, तर कुत्र्याची कितीही इच्छा असली तरी तो तुंबवून धरू शकत नाही. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण २० ते ४० मिलिलिटर मूत्र तयार करतो. आणि तो दर किलोमागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिऊ लागला तर ते निश्चितपणे रोगलक्षण समजतात. हे मोजणे अवघड नाही. सकाळी मापून पाणी भरावे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मापावे, मधली भर त्यात मिळवावी, आणि घरातील इतर भांडी व न्हाणीघरातील बादली त्याच्या तोंडाला लागणार नाही एवढी दक्षता घ्यावी. २० किलोच्या कुत्र्याने दिवसाकाठी २ लिटरहून अधिक पाणी संपविले असेल तर शिकवणुकीचा विचार बाजूला ठेवून पशुवैद्याकडे जावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, अधिवृक्क ग्रंथींचा अतिस्राव म्हणजेच कुशिंगचा रोग, हे सारे प्रथम तहानेच्या आणि फरशीवरच्या ओलीच्या रूपानेच घरात प्रवेश करतात.

याच संदर्भात औषधांची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. त्वचेच्या खाजेसाठी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे पुष्कळ कुत्र्यांना दिली जातात. त्यांनी खाज थांबते, पण तहान आणि मूत्र दोन्ही वाढतात, आणि ज्याला आजवर रात्रभर उठावे लागत नव्हते तो कुत्रा पहाटे तीन वाजता दाराशी घुटमळू लागतो. अपस्मारावरील फिनोबार्बिटोन आणि हृदयविकारावरील मूत्रल गोळ्या यांचाही परिणाम तसाच होतो. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करणे किंवा पाण्याचे भांडे उचलून ठेवणे हे दोन्ही घातक होय. स्टेरॉइड एकाएकी थांबविल्याने शरीर कोसळू शकते, आणि ज्याचे मूत्रपिंड पाणी राखण्यास असमर्थ आहे त्याचे पाणी तोडणे म्हणजे त्याला संकटात लोटणे. उपचार चालू असेतो त्याला अधिक वेळा बाहेर नेणे हाच मार्ग.

मूत्रमार्गाच्या संसर्गात मूत्राचे एकंदर प्रमाण फारसे वाढत नाही, पण मूत्राशय दाहाने इतके हळवे होते की थोडेसे भरताच ते रिकामे करण्याची अनावर घाई होते: कुत्रा पुनःपुन्हा बसतो, थेंब-थेंब करतो, त्या जागी चाटतो, आणि कधी लघवीत रक्ताची छटा दिसते. माद्यांत मूत्रमार्ग आखूड असल्याने हा विकार नरांहून अधिक आढळतो. मूतखड्यातही हीच लक्षणे दिसतात, आणि डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांत तर यूरिक आम्ल मूत्रावाटे टाकण्याच्या त्यांच्या जन्मजात वैशिष्ट्यामुळे एका विशिष्ट प्रकारचे खडे होण्याचा कल असतो. नर कुणथत असून लघवी बाहेरच येत नसेल तर मार्ग अडल्याचे समजून एक तासही दवडू नये. तसेच निर्बीजीकरण न झालेली कुत्री माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत फार पाणी पिऊ लागली, सुस्त झाली आणि घरात ओले करू लागली, तर गर्भाशयात पू साचल्याची शंका तत्काळ घ्यावी; हा प्राणावर बेतणारा रोग आहे, आणि तो शिस्तभंगाचे सोंग घेऊन येतो.

पशुवैद्याकडे जाताना मूत्राचा नमुना बरोबर नेल्यास अर्धे काम सोपे होते. पहाटेची पहिली लघवी यासाठी उत्तम, कारण ती रात्रभरात दाट झालेली असते. लांब दांड्याचा डाव गरम पाण्याने धुऊन कोरडा करावा, कुत्र्याला नेहमीच्या जागी न्यावे, त्याने पाय उचलल्यावर किंवा मादी खाली बसल्यावर पहिली धार जाऊ द्यावी आणि मग मागून अलगद डाव पुढे करावा. घाईने समोरून गेल्यास कुत्रा दचकतो आणि सारा बेत फसतो. दोन चमचे एवढा नमुनाही पुरतो. तो स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत घालून दोन-तीन तासांच्या आत पोचवावा, विलंब होणार असेल तर थंड जागी ठेवावा. संसर्गाची जंतुपरीक्षा करावयाची झाल्यास मात्र डॉक्टर पुष्कळदा सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात. लघवी हाताळताना हातमोजे घालावेत, कारण पावसाळ्यात फैलावणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्याच्या मूत्रावाटे माणसालाही होऊ शकतो. या तपासण्यांची सोय आता शहरात ठिकठिकाणी आहे. १९५८ सालापासून चालत आलेले हेब्बाळचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय तर जुन्या बंगळुरूकरांच्या परिचयाचेच आहे.

एक विकार असा आहे की ज्यात कुत्रीला आपल्या हातून काय घडले याची वार्ताही नसते. निर्बीजीकरण झालेल्या माद्यांत, विशेषतः मोठ्या अंगलटीच्या जातींत, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मूत्रमार्गाचा आवळक स्नायू सैल पडतो, कारण इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा आधार गेलेला असतो. ती जागी असता सर्व काही यथास्थित असते. पण गाढ निजली की मूत्र झिरपते, आणि उठल्यावर अंथरुणावर ओला डाग दिसतो. यावर गुणकारी औषधे आहेत, आणि बहुतेक माद्या त्यांनी पूर्ववत कोरड्या राहतात. अर्थात या कारणासाठी निर्बीजीकरणालाच दोष देऊ नये, कारण गर्भाशयातील पुवापासून आणि स्तनांच्या अर्बुदांपासून तेच तिचे संरक्षण करते.

वृद्धावस्थेत कारणांची गर्दी होते. संधिवाताने ज्याचे मागचे पाय आखडले आहेत त्याला दार कोठे आहे हे ठाऊक असते, पण गुळगुळीत फरशीवरून तेथवर जाण्याचेच भय वाटते. जुन्या बंगळुरूतील लाल रंगाच्या ऑक्साइड जमिनी काय किंवा नव्या इमारतींतील चकचकीत टाइल्स काय, घसरणाऱ्या पायांना दोन्ही सारख्याच दुष्ट. अशा घरात निजण्याच्या जागेपासून दारापर्यंत खरखरीत सतरंज्यांची वाट घालून दिली आणि सांधेदुखीवर उपचार केले, तर जी शिस्त मोडली असे वाटत होते ती आठवड्याभरात परत येते. मेंदूची झीज मात्र अधिक गंभीर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिशाभूल होणे, माणसांशी वागणुकीत फरक पडणे, निद्रेचे चक्र उलटणे आणि घरात मलमूत्र करणे या लक्षणगटांपैकी निदान एक ११ ते १२ वर्षे वयाच्या २८ टक्के कुत्र्यांत आढळला, तर १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांत हे प्रमाण ६८ टक्क्यांपर्यंत गेले. असा कुत्रा बागेतून फिरून येतो आणि घरात पाऊल टाकताच लघवी करतो, कारण आपण कशासाठी बाहेर गेलो होतो हे तो तेथे विसरलेला असतो. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहून ते उघडण्याची वाट पाहतो. रात्री निरुद्देश येरझाऱ्या घालतो. आहार, औषध आणि नियमित व्यायाम यांनी ही झीज मंद करता येते, पण ती मागे फिरविता येत नाही. तेथे शिकवणुकीची जागा शुश्रूषेने घ्यावी लागते.

शरीर निर्दोष ठरले म्हणजे तपास परिस्थितीकडे वळवावा, आणि येथे बंगळुरूचे स्वतःचे काही विशेष आहेत. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलताना येणारा वळीव आणि त्याबरोबरचा गडगडाट, पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरचा सर्वांत जोरकस पाऊस, आणि त्याच्याच पाठीला लागून येणारी दिवाळी, या काळात ज्या कुत्र्याला आवाजाची धास्ती आहे तो संध्याकाळी उंबरा ओलांडण्यास साफ नकार देतो. किंवा बाहेर जातो तो शेपूट आत घेऊन, एका जागी न थांबता, आणि घरात सुरक्षित परतल्यावरच त्याचे शरीर सैल पडते. पावसाचा रंग पाहून फेरी तासभर अलीकडे ओढणे, आणि फटाक्यांच्या दिवसांत अंधार पडण्यापूर्वीच त्याला मोकळे करून आणणे, एवढ्यानेही पुष्कळ भागते. गल्लीतले कुत्रे आपली हद्द राखून असतात; त्यांनी एकदा अंगावर धाव घेतली तर पाळलेला कुत्रा त्या कोपऱ्यावर थांबून हुंगण्याचे धाडस पुन्हा करीत नाही, आणि सावकाश हुंगल्यावाचून त्याचा देहधर्म होत नाही. अशा वेळी मार्ग बदलणे हाच इलाज होय. घरात नवे मूल आले, दुसरा कुत्रा आला, फेरीला नेणारा मुलगा शिक्षणासाठी परगावी गेला, मालकाच्या कामाची पाळी बदलली, यांपैकी कोणतीही गोष्ट आपल्याला दैनंदिन वाटली तरी कुत्र्याच्या लेखी ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याइतकी मोठी असते.

एकटेपणाचे भय हा यांतला सर्वांत गैरसमज झालेला प्रकार. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करणाऱ्या माणसांच्या अखंड सहवासात जे कुत्रे वाढले, त्यांना पुढे ती माणसे कचेरीला जाऊ लागताच आठ-दहा तासांचा एकांत आणि त्यावर शहराच्या वाहतुकीने लादलेला विलंब एकाएकी सोसावा लागला. भयाने होणारी घाण बहुधा माणूस घराबाहेर पडल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात होते आणि तिच्या जोडीला भुंकणे, दार ओरबाडणे, लाळ गाळणे हे असते. उलट केवळ फार वेळ तुंबल्याने होणारी घाण परतण्याच्या सुमारास होते. मोबाइलचा कॅमेरा खोलीत चालू ठेवून गेल्यास या दोहोंतला भेद निर्विवाद कळतो. पहिल्यावर इलाज असा की एकटे राहण्याची सवय काही मिनिटांपासून हळूहळू वाढवीत न्यावी, आणि आवश्यक तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाची जोड द्यावी; दुसऱ्यावर इलाज असा की दुपारी त्याला बाहेर नेणाऱ्या माणसाची तजवीज करावी. निरोगी प्रौढ कुत्रा सहा ते आठ तास धरू शकतो. त्यापलीकडची अपेक्षा अन्यायाची आहे.

सोफ्याच्या पायाशी, पडद्याच्या टोकाशी किंवा पाहुण्याच्या पिशवीवर अगदी थोडी लघवी शिंपडून जाणारा नर मूत्राशय रिकामे करीत नसतो. तो गंधाच्या द्वारे आपली खूण ठेवीत असतो. खिडकीतून दिसणारा नवा कुत्रा किंवा घरात आलेले परके सामान याला निमित्त होते. निर्बीजीकरणाने ही प्रवृत्ती पुष्कळ नरांत लक्षणीय कमी होते, परंतु सर्वांत नाहीशी होत नाही, आणि जितकी ती मुरलेली तितका गुण उशिरा येतो. म्हणून डागाची जागा आणि आकार यांची नोंद करून ठेवणे फार मोलाचे ठरते: अंथरुणावरची ओल निद्रेतील झिरपण्याकडे बोट दाखविते, उभ्या वस्तूवरचे शिंतोडे खुणेकडे, दाराशी पडलेले मोठे डबके वेळेवर बाहेर न नेल्याकडे, आणि जागोजाग पडलेले थेंब संसर्गाकडे. तारीख, वेळ, जागा, प्रमाण, जेवण आणि फेरी यांचा रोजनामा दोन आठवडे ठेवला तर पुष्कळदा कारण आपल्या अक्षरात आपल्यासमोर उभे राहते, आणि डॉक्टरांना सांगण्यासारखे काही तरी निश्चित हाती असते.

आता शुद्धीकरण आणि पुनर्शिक्षण. आपल्या घरांत फरशीवर फिनेलचा हात फिरविला की काम झाले असे मानतात. परंतु फिनेल गंध झाकते ते आपल्या नाकापुरते, कुत्र्याच्या घ्राणेंद्रियाला खालचा मूत्रगंध स्पष्ट कळतो आणि तो गंध त्याला हीच जागा दाखवीत राहतो. शिवाय फिनेलमधील द्रव्ये त्याच्या पंजांना आणि जिभेला अपायकारक आहेत. अमोनियायुक्त द्रावणाचा वास मूत्राशी मिळताजुळता असल्याने तेही वर्ज्य. आणि ओल्या मूत्रावर ब्लीच ओतल्यास विषारी वायू सुटतो. योग्य रीत अशी की प्रथम ओल दाबून टिपून घ्यावी, साध्या पाण्याने पुसावी, आणि मग मूत्रातील सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करणारे एन्झाइमयुक्त द्रावण डागाच्या सीमेच्या थोडे पलीकडेपर्यंत ओतून बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत ओले राहू द्यावे. जुने डाग अंधारात अतिनील किरणांच्या लहानशा विजेरीने चमकताना दिसतात, आणि त्या प्रकाशात आपण ज्याला एक डाग समजत होतो तेथे तीन-चार निघतात.

शिकवणुकीत पिल्लाचेच नियम पुन्हा पाळावयाचे असतात, फक्त अधिक विश्वासाने. झोपेतून उठताच, जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत, खेळानंतर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला पट्ट्याने त्याच एका जागी न्यावे, निमूटपणे उभे राहावे, आणि हुंगण्यास पुरता अवधी द्यावा. काम झाल्याबरोबर, तेथल्या तेथे, खाऊ आणि शाबासकी द्यावी. घरी परतल्यावर दिलेला खाऊ हा परतण्याचे बक्षीस ठरतो. लघवी होताच फेरी संपविण्याची चूक फार जण करतात, त्यामुळे कुत्रा फेरी लांबविण्यासाठी ती धरून ठेवण्यास शिकतो. काम आधी आणि भटकणे नंतर असा क्रम ठेवावा. घरात तो नजरेआड होऊ देऊ नये, आणि नजर ठेवणे शक्य नसेल तेव्हा त्याला निजण्याच्या छोट्या, परिचित जागेत ठेवावे. चुकताना दिसला तर ओरडू नये. हलकी टाळी वाजवून त्याचे लक्ष वेधावे आणि बाहेर न्यावे. मातीची सवय असलेल्या देशी कुत्र्यासाठी बाल्कनीत गवताच्या चौकोनी पेटीची सोय केल्यास संक्रमणाचा काळ सुसह्य होतो. सलग दोन-तीन आठवडे निर्दोष गेल्यानंतरच एकेक खोली त्याला पुन्हा खुली करावी. जो कुत्रा वार्धक्याने किंवा असाध्य विकाराने पूर्ववत होणारच नाही त्याच्यासाठी शोषक चटया, कंबरपट्टे आणि अधिक फेऱ्या यांची कायमची व्यवस्था लावावी आणि तिला पराभव मानू नये.

या साऱ्यात शेजारधर्माचाही भाग आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी संघटनांना कुत्रे पाळण्यास किंवा त्यांना लिफ्टमधून नेण्यास बंदी घालता येत नाही. ज्याला दर दोन तासांनी चौदा मजले उतरावे लागते अशा आजारी प्राण्यासाठी ही केवळ कागदावरची सवलत नव्हे. परंतु हक्काबरोबर जबाबदारीही येते, आणि आवारात किंवा लिफ्टमध्ये झालेली घाण त्याच क्षणी स्वतःच्या हाताने उचलणारा मालकच शेजाऱ्यांची सहानुभूती मिळवितो. ही सहानुभूती आणि घरच्यांची सहनशक्ती संपली की काय होते हे सर्वांना ठाऊक आहे: घरात घाण करणे हे पाश्चात्त्य देशांतील निवाऱ्यांच्या पाहण्यांत कुत्रा सोडून देण्याच्या वारंवार सांगितल्या जाणाऱ्या कारणांपैकी एक आढळले आहे, आणि आपल्याकडेही निवाऱ्याच्या फाटकाशी बांधून ठेवलेल्या वृद्ध कुत्र्यांची कथा याहून निराळी नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने प्राण्याला भुकेतहानेच्या संकटात विनाकारण सोडून देणे हा गुन्हा ठरविला आहे. पण कायद्यापर्यंत जाण्याची पाळी येऊ नये यासाठी जे करावयाचे ते पहिल्या डबक्याच्या दिवशीच करावयाचे असते, आणि ते फारसे कठीणही नसते: राग आवरून डाग कोठे व केवढा ते पाहणे, पाणी मोजणे, नमुना घेऊन डॉक्टर गाठणे, घरात अलीकडे काय बदलले ते आठवणे, आणि मगच शिकवणुकीला हात घालणे. या क्रमाने जाणाऱ्या घरात बहुतेक कुत्रे पुन्हा पूर्वीसारखे वागू लागतात. आणि जे तसे होऊ शकत नाहीत त्यांचा काय आजार आहे हे निदान त्यांच्या माणसांना वेळेवर कळलेले असते.